उशाशी गोळी, उशिरा चहा

गोळीची बाटली आधी स्वयंपाकघरातून हलव. ओट्यावरच्या फळीवर, हळद-मोहरीच्या डब्यांशेजारी ती ठेवायची सवय बऱ्याच घरांत असते, कारण सकाळी बाईचा पाय पहिला तिथेच पडतो. पण थायरॉक्सिनच्या गोळीला ऊब, ओल आणि उजेड यांतलं काहीच सोसत नाही, आणि गॅसजवळ तिन्हींची रेलचेल. न्हाणीघरातल्या आरशामागेही नको. बाटली उशाशी असू दे, झाकण घट्ट, शेजारी पाण्याचं तांब्या-भांडं. डोळे उघडले की गोळी, आणि चहा त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने. ‘कोरा चहा चालेल का मावशी?’ असं तू विचारणारच. तोही थांबू दे. कॉफी तर नकोच नको, तिने गोळी नीट शोषली जात नाही. आमच्या वॉर्डातल्या जुन्या सिस्टर प्रत्येक बाईला घरी सोडताना हे चार शब्दांत सांगायच्या, उशाशी गोळी, उशिरा चहा. मीही नोकरीभर तेच सांगत आले.

सकाळी डबे, शाळेची बस, नळाचं पाणी या धांदलीत तासभर थांबणं तुला जमणार नसेल, तर रात्री घे. जेवून तीन तास झाल्यावर, झोपताना. डॉक्टरांना तसं सांगून घे आणि मग रोज रात्रीच घे. आज सकाळी, उद्या रात्री असा खेळ नको. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी असेल तर दोघींत चार तासांचं अंतर. अॅसिडिटीच्या पातळ औषधालाही हाच नियम. मी पाहिलेल्या कितीतरी बायकांचा डोस चढत-चढत गेला होता आणि खरं कारण एवढंच होतं, की तिन्ही गोळ्या एका घोटात पोटात जात होत्या.

आता हे सगळं कशासाठी, ते एकदा समजून घे, म्हणजे प्रत्येक वेळी मला फोन करावा लागणार नाही.

मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे, जेमतेम अर्ध्या ग्रॅमची पियुषिका ग्रंथी असते. गळ्यातली थायरॉइड नीट काम करत असेल तर ही वरून हलक्या आवाजात हाक मारते. आत काम होईना झालं की ओसरीवर बसलेल्या सासूबाईंसारखा तिचा आवाज चढत जातो. ती हाक म्हणजे तुझ्या रिपोर्टातलं टीएसएच. म्हणून आकडा वाढलाय याचा अर्थ थायरॉइड वाढलंय असा नाही. काम कमी पडतंय, म्हणून हाक मोठी झाली आहे. गोळी पुरेशी झाली की हाक आपोआप उतरते. गोळी जास्त झाली तर हाक अगदीच बारीक होते, छाती धडधडते, हात कापतात, झोप उडते, आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर हाडं पोकळ होतात. वजन उतरवायला म्हणून कोणी ही गोळी देऊ करत असेल, तर त्या दाराशी पुन्हा जाऊ नकोस.

शरीरातले बहुतेक हार्मोन असेच चालतात. रक्तात माल किती आहे याची कुठेतरी सतत चाचपणी चालू असते, आणि त्यावरून कोणी हात आखडतं, कोणी सैल सोडतं. बाहेरून गोळी किंवा इंजेक्शन घेतलं की आपण त्या चाललेल्या बोलण्यात मध्ये बोलतो. मध्ये बोलायचं तर वेळेवर बोलावं, आणि बोलता बोलता अचानक गप्प होऊ नये. घरातल्या कोणाचंही हार्मोनचं औषध असो, मी आधी हेच पाहते.

थायरॉक्सिनचा रक्तातला साठा निम्मा व्हायला साधारण आठवडा लागतो. त्यामुळे एखाद्या दिवशी गोळी राहिली तर घाबरू नकोस, आठवेल तेव्हा त्याच दिवशी घे. पण याच कारणाने चार दिवसांत ‘काही फरक पडत नाही’ असं म्हणायलाही अर्थ नाही. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवडे जाऊ देत, मगच टीएसएच तपास. पंधरा दिवसांनी तपासलंस तर पैसे लॅबचे आणि घोर तुझा. तुझे दोन रिपोर्ट, दोन्ही चढे, म्हणून गोळी लागली ते बरोबरच. पण आकडा थोडासाच वर असेल तर एका रिपोर्टावर जन्माची गोळी लावून घेऊ नये. अशा कितीतरी जणींचा आकडा काही महिन्यांनी आपणहून खाली येतो. ताप, मोठं आजारपण, ऑपरेशन यांच्या दिवसांतही थायरॉइड तपासायला धावू नये, आकडे तेव्हा भलतेच येतात.

लॅबमध्ये जाताना: दर वेळी शक्यतो एकच लॅब आणि एकच वेळ. टीएसएच रात्री-पहाटे चढं असतं आणि दुपारी उतरतं, त्यामुळे एकदा सकाळी सात वाजता आणि पुढच्या वेळी दुपारी दोन वाजता रक्त दिलंस, तर तुलना कशाची करणार? त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घे. उपाशी राहायची फक्त टीएसएचसाठी गरज नाही. आणि एक गोष्ट लॅबवाले बहुधा विचारत नाहीत, तूच सांग. केस गळतात म्हणून तू ज्या गोळ्या घेतेस, त्यांत बायोटिन असतं. त्याने थायरॉइडच्या काही चाचण्या फसतात, टीएसएच खोटंच कमी दिसतं. तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी त्या बंद ठेव.

वजनाचं सगळं खापर थायरॉइडवर फोडायची हल्ली चालच पडली आहे. कमी थायरॉइडने वाढतं ते बहुधा दोन ते पाच किलो, आणि त्यातही पाण्या-मिठाचा वाटा मोठा. बाकीचं फरसाणाच्या डब्यात शोधावं. कोबी-फ्लॉवरची भीतीही सोडून दे. शिजवून, घरात खातो तेवढी भाजी खायला काही हरकत नाही.

मीठ मात्र आयोडीनचंच आण. हा सल्ला जाहिरातीमुळे जुनाट वाटतो, पण त्यामागे मोठं काम आहे. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात घरोघरी गलगंड दिसायचा. डॉ. वुलिमिरी रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 पासून तिथे खोऱ्याचे तीन भाग करून दोन भागांत आयोडीन मिसळलेलं मीठ आणि एका भागात साधं मीठ पुरवलं. काही वर्षांत आयोडीनच्या दोन्ही भागांत गलगंड ठळकपणे घटला. 1962 मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्याला या कामाचा आधार होता. मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं, गरोदर बाईला त्याहून जास्त लागतं. मीठ झाकणाच्या बरणीत ठेव, चुलीच्या वाफेपासून लांब, आणि भाजीत शक्यतो शेवटी घाल. सैंधव आणि गुलाबी मिठाचं हल्ली फार कौतुक ऐकते. चवीला चिमूटभर ठीक, घरचं रोजचं मीठ ते करू नकोस. मात्र आयोडीन चांगलं म्हणून मीठच जास्त खायचं, असा अर्थ तुझ्या सासऱ्यांना काढू देऊ नकोस.

थायरॉक्सिन पहिल्यांदा शुद्ध रूपात वेगळं केलं ते अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल यांनी, 1914 च्या नाताळच्या दिवशी. याच माणसाने पुढे अधिवृक्क ग्रंथींच्या रसावर वर्षानुवर्षं काम केलं आणि त्यातून कॉर्टिसोन नावाचं स्टेरॉइड हाती आलं. 1948 मध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी ते सांधेदुखीने जखडलेल्या एका बाईला टोचलं आणि काही दिवसांत ती चालायला लागली. 1950 चं नोबेल दोघांना मिळालं, स्वित्झर्लंडचे राइखस्टाइन त्यांच्या जोडीला. हे तुला मुद्दाम सांगते, कारण तुझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांवरची ती पुडी.

ती पुडी मला खटकली आहे. बाजारच्या दिवशी येणाऱ्या वैदूकडून आणलेली, वर नाव नाही, आत काय ते लिहिलेलं नाही, आणि दोन दिवसांत गुडघा मोकळा. इतक्या झटपट गुण देणाऱ्या बिननावाच्या पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं असण्याचा संशय आधी घ्यावा, मग बाकी. दम्यावरच्या ‘जडीबुटी’चंही तेच. सासूबाईंचा चेहरा गोल व्हायला लागलाय का, गाल लालसर दिसतात का, पोट सुटून हातपाय काडीसारखे झालेत का, जरासं आपटलं तरी काळंनिळं होतं का, साखर आणि बीपी चढलंय का, एवढं नीट बघ. यातलं दोन-तीन जुळत असेल तर डॉक्टरांकडे जाताना ती पुडीसुद्धा पदराला बांधून घेऊन जा.

पण आजच पुडी हिसकावून फेकून देऊ नकोस! इथे माणसं दगावतात. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या दोन अधिवृक्क ग्रंथी रोज कॉर्टिसॉल बनवतात, पहाटे-सकाळी भरपूर, मध्यरात्री अगदी थोडं. बाहेरून स्टेरॉइड येऊ लागलं की पियुषिका हाक मारायचीच थांबते, आणि काही आठवड्यांत या ग्रंथी काम विसरतात. अशात औषध एकदम बंद झालं तर त्या लगेच जाग्या होत नाहीत. उलट्या, गळाठा, बीपी खाली, शुद्ध हरपणं. म्हणून तीन आठवड्यांपेक्षा जास्त चाललेलं स्टेरॉइड डॉक्टरांच्या सांगण्याने पायरीपायरीने उतरवायचं असतं, पुडीतलंसुद्धा. डॉक्टर स्टेरॉइडची गोळी सकाळी नाश्त्यानंतर देतात त्याचंही कारण हेच, शरीर स्वतः ज्या वेळी बनवतं त्याच वेळी द्यावी. संध्याकाळी घेतली तर रात्रभर डोळा लागत नाही. ज्याला कायमचं स्टेरॉइड लागतं त्याने खिशात त्याची चिठ्ठी ठेवावी. ताप आला, ऑपरेशन ठरलं तर डोस वाढवावा लागतो, तो किती हे आधीच विचारून लिहून ठेवावं. दमेकऱ्याच्या पंपात स्टेरॉइड असतं म्हणून पंपाला घाबरणारी माणसं हीच पुडी बिनदिक्कत घेतात, याचा मला फार राग येतो. पंपातलं मोजकं असतं आणि बहुतेक फुप्फुसापुरतं राहतं. गुळण्या करायच्या म्हणजे झालं.

तुझ्या लेकीच्या कपाटातली ती गोरं करणाऱ्या मलमाची ट्यूबही एकदा वाचून बघ. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांतलं नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. महिनाभर चेहरा उजळतो, मग लाली, पुटकुळ्या, केस, आणि बंद केलं की आग.

आता सासऱ्यांचं इन्सुलिन. याला वरून कोणाची हाक येत नाही. स्वादुपिंड स्वतःच रक्तातली साखर बघून इन्सुलिन सोडतं. ते बाहेरून द्यायची विद्या टोरांटोत 1921 साली बँटिंग आणि बेस्ट यांच्या हाती लागली, आणि जानेवारी 1922 मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. त्याआधी अशा मुलांना उपाशी ठेवून काही महिने पुढे ढकलण्याखेरीज इलाज नव्हता. एवढ्या मोलाचं औषध आपण फ्रिजच्या बर्फाच्या खणात ठेवून वाया घालवतो. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं राहत नाही, फेकायचं. न उघडलेल्या बाटल्या खालच्या कप्प्यात, मागच्या भिंतीला न टेकवता. चालू बाटली किंवा पेन घरातल्या गार जागी साधारण चार आठवडे चालतं. बाटलीवर उघडल्याची तारीख लिही. वीज जाते अशा गावी गेलात तर दोन मडक्यांची सोय कर, मोठ्यात ओली वाळू, आत लहान मडकं, त्यात पिशवीत बाटली. गाडीच्या डिकीत नाही, खिडकीच्या उन्हात नाही.

सिरिंज आणताना झाकणाचा रंग बघ. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला 40 युनिटचं असतं, त्याची सिरिंज लाल टोपीची. 100 युनिटवाल्या इन्सुलिनची नारिंगी टोपीची. 100 च्या बाटलीतलं औषध लाल टोपीने काढलं तर डोस अडीचपट जातो. दुकानदाराने ‘सगळ्या सारख्याच’ म्हटलं तर दुकान बदल. दुधाळ दिसणारं इन्सुलिन दोन तळव्यांत हळू फिरवून मिसळायचं, घुसळायचं नाही. सासरे रोज बेंबीच्या उजवीकडे एकाच ठिकाणी टोचतात, हे मी मागे पाहिलंय. तिथे हाताला गाठ लागते ना? त्या गाठीत टोचलेलं औषध कधी शोषलं जातं, कधी नाही, आणि साखर वरखाली होत राहते. जागा रोज बोटभर सरकवायला सांग. ऐकणार नाहीत, तर नातवाला पोटावर पेनाने खुणा करायला बसव. त्याचं ऐकतील.

साखर उतरते तेव्हा दरदरून घाम, हाताला कंप, छातीत धडधड, एकदम चिडचिड. हा अॅड्रिनॅलिनचा इशारा असतो. मोजणी 70 च्या खाली आली, किंवा मोजायला वेळ नसला, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, उतरलेलीच असेल तर पुन्हा द्या, आणि सावरल्यावर पोळी किंवा भात खायला द्या. बिस्किट, चॉकलेट पहिल्या झटक्याला देऊ नका, त्यातल्या तुपा-तेलाने साखर रक्तात उशिरा पोचते. आणि हे नीट ध्यानात ठेव. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज नावाची गोळी चालू असेल तर साधी साखर लवकर उपयोगी पडत नाही, कारण ती फोडण्याचं काम आतड्यात त्या गोळीनेच मंदावलेलं असतं. अशा घरात ग्लुकोजची पावडर हवीच. सासऱ्यांच्या चिठ्ठीवर ही नावं आहेत का, आजच बघ. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतायचं नाही, कुशीवर वळवून दवाखाना गाठायचा.

एकादशी आली की त्यांचा हट्ट असतो, औषध घेणार आणि उपासही करणार. गोळी घेऊन कोरडा उपास म्हणजे साखर उतरण्याला आमंत्रण, आणि साबुदाण्याच्या खिचडीची ताटली म्हणजे चढण्याला. उपासाच्या दिवशी कुठली गोळी घ्यायची, कुठली सोडायची, हे डॉक्टरांकडून आषाढी-कार्तिकीच्या आधीच लिहून आणावं. विठोबाला त्यांच्या हातातला टाळ चालेल, तो उपास मागत बसलेला नाही.

तू बारीक आहेस, तुला मधुमेह कशाला होईल, असं तुझी आई म्हणते. तिला पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम सांग. त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःच्या दोघांच्या शरीराची मोजणी छापली होती. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा दोघांचा अगदी एकच, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. वरून सडपातळ, आतून चरबी, अशी आपली ठेवण. आणि पोटातली चरबी इन्सुलिनचं ऐकू देत नाही. याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि मुलांचा 1993 पासून मागोवा घेत आले, आणि ही ठेवण जन्मतःच असते असं त्यांना दिसलं. तेव्हा वजनकाट्यापेक्षा टेप बरी. बाईची कंबर 80 सेंटिमीटरच्या वर आणि पुरुषाची 90 च्या वर गेली, की सावध व्हावं.

लेकीच्या मानेवर काळसर, मखमलीसारखी कातडी आली आहे आणि तू ती बेसन-लिंबाने घासतेस. घासू नकोस. तो मळ नाही. इन्सुलिन पुरेसं असूनही शरीर त्याचं ऐकेनासं झालं, की मान आणि काखा अशा दिसतात. साखर तपास, पाळीची तारीख कॅलेंडरवर लिहायला सांग. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं मागेपुढे होणं चालतं, पण त्यानंतरही दीड महिन्याहून लांबत असेल, चेहऱ्यावर केस, खूप पुटकुळ्या येत असतील तर डॉक्टरकडे न्यावं. आणि नेताना ‘हिचं लग्न कसं होणार’ हे रडगाणं घरी ठेवून जावं. रोजचं भरभर चालणं आणि रात्रीची पुरती झोप यांनी अशा कितीतरी मुलींची पाळी वळणावर आलेली मी पाहिली आहे.

सण, लग्न, वास्तुशांती यांच्या आधी पाळी पुढे ढकलायची गोळी आपल्याकडे चण्या-फुटाण्यासारखी घेतात. नॉरएथिस्टेरोन तिचं नाव. पाळी येते ती अंगातलं प्रोजेस्टेरॉन उतरलं की. ही गोळी ती उतरण थोपवते, बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. एखाद्या वेळी, डॉक्टरांना विचारून, ठीक. पण पायात गुठळी झालेली, अर्धशिशीचा त्रास असलेली, लिव्हर बिघडलेली बाई असेल तर केमिस्टकडून परस्पर आणलेली ही गोळी अंगाशी येऊ शकते. माझं मत विचारशील तर, पाळीतल्या बाईला देवघराची बंदी घालणं सोडलं तर निम्म्या गोळ्या लागणारच नाहीत.

पाळी कायमची गेली की अंगातून वाफा, रात्रीचा घाम, उगाच डोळ्यांत पाणी. त्याला लाजायचं नाही, उपाय असतात. मात्र वर्षभर पाळी नसताना पुन्हा थेंबभर जरी रक्त दिसलं, तर त्याच आठवड्यात तपासून घ्यायचं. ‘पाळी परत आली’ म्हणत पेढे वाटायचे नाहीत.

आता राहिली तुझी धाकटी, पोटुशी जाऊ. तिलाही तुझ्यासारखीच थायरॉक्सिनची गोळी आहे ना? दिवस राहिल्याचं कळताच थायरॉक्सिनची गरज साधारण पाव हिश्श्याने किंवा त्याहून जास्त वाढते, तेव्हा पहिल्या तपासणीची वाट न पाहता तिने लगेच डॉक्टरांना कळवायला हवं होतं. कळवलं नसेल तर उद्या कळवा. पहिले तीन महिने बाळाची थायरॉइड तयारच झालेली नसते, त्याच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवर चालते. ‘पोटुशी बाई, गोळ्या नकोत’ म्हणून ही गोळी बंद करणारी एखादी शहाणी शेजारीण भेटेलच. तिला माझ्याकडे पाठव.

बाळंतपणानंतर पहिल्या तासातच बाळ छातीशी लावा. बाळ ओढतं तेव्हा आईच्या अंगात ऑक्सिटोसिन सुटतं, त्याने पान्हा फुटतो आणि पिशवीही आवळते. पाजताना ओटीपोटात कळ येते ती त्याचीच, घाबरू नये. दूध बनवणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं चुकवून ‘आईला झोपू दे’ म्हणत वरचं दूध देऊ नये. तिला दिवसा झोपू द्या, आणि कोणी ‘दूध पुरत नाही वाटतं’ असं तिच्यासमोर बोलू नये. धास्तीनेही पान्हा अडतो.

बाळाची छाती पहिल्या आठवड्यात कधी सुजलेली दिसते, थेंबभर दूधही येतं. आईचे हार्मोन बाळाच्या अंगातून उतरत असतात, त्याचा तो परिणाम. न्हाऊ घालणाऱ्या आजीबाई ते पिळून काढतात. त्यांचा हात धर! पिळल्याने गळू झालेली बाळं मी ड्रेसिंगला पाहिली आहेत. मुलगी असेल तर लंगोटाला थोडं रक्त दिसू शकतं, तेही याच कारणाने, चार दिवसांत आपोआप थांबतं.

आणि टाचेतून रक्त घेऊन बाळाचं टीएसएच तपासून घ्या, तिसऱ्या दिवसाच्या सुमारास. आपल्या देशात साधारण हजार-अकराशे बाळांमागे एकाची थायरॉइड जन्मतः काम करत नाही. यांतली बहुतेक बाळं जन्मल्यावर ठणठणीत दिसतात, रडतात, पितात, कारण वारेतून मिळालेलं आईचं थायरॉक्सिन त्यांच्याजवळ असतं. ते संपत जातं. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी चुरून, चमचाभर अंगावरच्या दुधातून द्यायला सुरुवात झाली, तर मूल चारचौघांसारखं वाढतं, शाळेत जातं. उशीर झाला तर बुद्धीचं नुकसान नंतर भरून येत नाही. म्हणून दवाखाना सरकारी असो की खासगी, घरी सोडण्याच्या कागदावर सही करण्याआधी विचारा, बाळाचं थायरॉइड तपासलं का, आणि रिपोर्ट कोण, कधी देणार?